मरनेवाले भैया

वर्षातून दोनदा मरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला पंधरा मिनिटं आधी हजर व्हायचं, असं करणारा एकच माणूस मी पाहिला. भिलाईजवळ हथखोजला आमच्या कारखान्यात त्यांचं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर होतं. गेटवरच्या शिपायापासून कॅन्टीनच्या मावशीपर्यंत सगळे त्यांना ‘मरनेवाले भैया’ म्हणत. मी मराठी, त्यामुळे मी ‘भाऊ’ म्हणत असे. ते मला ‘बाबू’ म्हणत, कारण मी सेफ्टी ऑफिसात कारकून होतो आणि कारखान्यात कारकुनाला बाबूच म्हणतात.

त्यांना मरायला लावणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा कारखाना म्हणजे री-रोलिंग मिल. लोखंडाचे लालभडक ठोकळे रुळांतून दाबून अँगल आणि चॅनेल काढायचे. आवाज असा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. नव्या माणसाला गेटपास मिळण्याआधी टाइम ऑफिसच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बसवून सुरक्षेची फिल्म दाखवायची असा नियम होता. खोली मिलला लागूनच. शिवाय समोर बसलेल्यांत कोणी ओडिशाचा, कोणी आंध्रचा, कोणी बिहारमधल्या छपऱ्याचा, कोणी बस्तरचा. कोणत्या भाषेत बोलणार आणि कोणाला ऐकू येणार? म्हणून आमच्या फिल्मा मुक्या होत्या. सेफ्टी साहेबांनी एक कॅमेरा घेतला, तो माझ्या हातात दिला. मध्येमध्ये येणाऱ्या पाट्या लिहायचं कामही माझंच, कारण माझं अक्षर चांगलं. ‘हेलमेट नहीं पहना’, ‘बिना इशारे के आगे बढ़ा’ आणि शेवटी दरवेळी ठळक अक्षरांत ‘कामगार की लापरवाही’. मग भाऊ जमिनीवर पडलेले, डोळे उघडे, आणि फिल्म संपली.

भाऊंना निवडलं ते त्यांच्या हातांमुळे. ते खलासी होते. म्हणजे क्रेनला माल बांधायचा आणि खालून हातांच्या इशाऱ्यांनी वरच्या कॅबिनमधल्या माणसाकडून क्रेन चालवून घ्यायची. तळहात जमिनीकडे करून आडवा हलवला की थांब. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. हे इशारे सगळीकडचेच, पण आमच्या मिलमधल्या खलाशांनी त्यांत स्वतःची भर घातली होती. चहा आला, साहेब आला, साहेब पिऊन आला, या सगळ्यांना खुणा होत्या. मी तिथे वीस वर्षं काढली आणि त्यातली एकही खूण शिकलो नाही. बाबू लोकांना त्याची गरज नसते असं मला वाटायचं.

ते मूळचे भंडाऱ्यातल्या साकोलीकडचे. तरुणपणी गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत काम करायचे. आवाज इतका खणखणीत, की माईक बंद पडला तरी शेवटच्या बैलगाडीत बसलेल्या बाईला रडू यायचं, असं ते स्वतःच सांगत. मग भिलाई, कॅम्प-1 या वस्तीतली दोन खोल्यांची जागा, मिल, आणि मिलनं हळूहळू खाल्लेले कान. बहिरा माणूस ओरडून बोलतो म्हणतात. यांनी बोलणंच कमी केलं. एकदा मला म्हणाले, “बाबू, मले देवानं गळा देला अन् तुमी मले मुक्या पिक्चरमंदी घेतलं. आता सांग, तुमी येडे का देव येडा?”

मरण्याची त्यांची स्वतःची शिस्त होती. शूटिंगच्या दिवशी सकाळी दाढी करत, धुतलेला शर्ट घालत आणि वहिनींना सांगत, “आज मराचं हाय, डब्यात दोन पोळ्या जास्ती टाक.” उपाशी मरायला त्यांचा सक्त विरोध होता. कसं मरायचं यावरून साहेबांशी वाद ठरलेला. एका फिल्ममध्ये विजेचा शॉक लागतो असं होतं. साहेबांना वाटे, माणूस उडून चार हात लांब पडावा, म्हणजे बघणारा घाबरेल. भाऊ म्हणाले, माणूस उडत नाही, चिकटतो. साहेब म्हणाले, फिल्म में उड़ेगा. भाऊ खाली बसले ते उठेनात. अख्खी पाळी गेली. शेवटी ते चिकटूनच मेले आणि ती फिल्म पाहून एक नवा वायरमन त्याच दिवशी पळून गेला. त्याचा त्यांना फार आनंद झाला. “एक वाचला,” म्हणाले.

फिल्म दाखवली जायची तेव्हा ते दारात उभे राहत. पडद्याकडे पाहत नसत, बघणाऱ्यांकडे पाहत. त्यांचं मरण पाहून जो हसला, त्याचा चेहरा लक्षात ठेवायचे आणि पुढचा आठवडाभर मिलमध्ये त्याच्या मागे मागे फिरायचे. कधी हेल्मेटचा पट्टा आवळ, कधी ओढून बाजूला कर. पोरं वैतागत. पडद्यावर मेलेला माणूस पाठीशी येऊन उभा राहिला की कोणालाही धडकी भरेल.

बाहेरही तेच. कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात थांबून आधी वर बघत. डोक्यावर काय लटकतंय ते पाहिल्याशिवाय आत पाऊल नाही. लग्नाच्या मांडवात झुंबराखाली बसले नाहीत. रिसालीला मी घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आले, पंख्याकडे पाहिलं आणि भटजींचा पाट हातभर सरकवून मगच प्रसाद घेतला. घरात वहिनींशी ते हातांनीच बोलत. कुकर उतरवायचा झाला तर दारात उभं राहून हळू, हळू, डावीकडे, टेकव, अशा खुणा. वहिनी मला म्हणाल्या, “इतं बी क्रेनच चालवून राह्यले. मी का मशीन हाव?” पण कुकर त्या खुणांप्रमाणेच टेकवायच्या.

एकदा पाट्या लिहीत होतो तेव्हा ते टेबलाजवळ आले. शेवटची पाटी उचलली, दोनदा वाचली.

“बाबू, दरवेळी मीच कावून चुकतो? मशीन कदी चुकतच नाही का?”

मी म्हणालो, फिल्म कामगारांसाठी आहे, मशीनसाठी नाही. माझ्या हजरजबाबीपणाचं मलाच कौतुक वाटलं होतं. ते हसले आणि पाटी जागेवर ठेवून गेले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता समारूबद्दल सांगितलं पाहिजे. समारू त्यांचा जोडीदार खलासी, छत्तीसगढी, धमधाकडचा. पंधरा वर्षं मालाच्या एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला तो. कॅम्प-1 मध्ये दोघांची घरं एका गल्लीत समोरासमोर. दोघांना एकमेकांची भाषा पुरती येत नव्हती आणि त्यांचं कधी अडलंही नाही. संध्याकाळी दोघं आपापल्या ओट्यावर बसून गल्लीच्या या काठावरून त्या काठावर हातांनी गप्पा मारत. समारूची बायको दुलारी मध्येच हात उडवून भाग घेई. तिलाही सगळ्या खुणा येत होत्या, कारण समारूही घरात तोंड उघडत नसे.

समारू मालाखाली सापडून मेला. चॅनेलचा गठ्ठा उचलताना तारेचा दोर तुटला.

भाऊ तेव्हा दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी सेफ्टी साहेबांसमोर जे सांगितलं ते मी तिथे बसून ऐकलं. दोराच्या तारा सुटल्या होत्या हे दोघांनी सकाळीच सांगितलं होतं. समारूनं थांबण्याची खूण केली. क्रेन थांबलीही. मग पाळीचे साहेब खालून हात फिरवून म्हणाले, चला, उचला. समारू पुन्हा थांब म्हणून पुढे झाला आणि दोर तुटून गठ्ठा खाली आला. सेफ्टी साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नंतर विचारलं, तुम्हाला तर ऐकू येत नाही ना? भाऊ म्हणाले, यात ऐकायचं काय आहे, मी पाहिलं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, लिहा, गवाह को सुनाई नहीं देता. मी लिहिलं. क्रेन चालवणारा ओडिशाचा होता. तो पंधरा दिवसांत गावी निघून गेला. अहवालात आलं की समारू कोणताही इशारा न देता मालाखाली गेला.

मार्चमधल्या सेफ्टी सप्ताहासाठी यावरच फिल्म करायची असं वरून ठरलं. नाव घेऊन. पहिल्यांदाच आमच्या फिल्ममधल्या मेलेल्या माणसाला खरं नाव मिळणार होतं. समारूचं काम कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

मला वाटलं भाऊ नाही म्हणतील. त्यांनी लगेच हो म्हटलं. एकच अट घातली, समारूचं हेल्मेट मी घालणार. मला किळस आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. कॅम्प-1 मध्ये बातमी पोचली तेव्हा लोक उघड म्हणाले, भैया बिक गया. दुलारीनं विचारलं तर ते फक्त म्हणाले, “पिक्चर देख लेना.”

शूटिंग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झालं. मिल बंद, क्रेन बंद, कॅबिन रिकामी. आम्ही तिघंच, साहेब, मी आणि भाऊ. साहेब सावलीला खुर्ची टाकून फोनवर बोलत होते. भाऊंनी दाढी केली होती. समारूचं हेल्मेट त्यांना जरा मोठं होत होतं. मी कॅमेरा सुरू केला. ते चालत गठ्ठ्यापाशी आले, थांबले आणि वर रिकाम्या कॅबिनकडे पाहून हातवारे करू लागले. एका बोटाभोवती दुसरं बोट गुंडाळलं, झटक्यात सोडलं. तळहात आडवा हलवला, पुन्हा हलवला. दोन बोटं कॉलरला लावली, मग बोट वर करून गोल फिरवलं. हे सगळं सावकाश, कॅमेऱ्याकडे अर्धं वळून, एकेक खूण वेगळी दिसेल अशी. मग दोन पावलं पुढे झाले आणि पडले. मी त्यांना अनेकदा मरताना पाहिलं होतं. या वेळी त्यांना उठायला वेळ लागला. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

रात्री ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी फिल्म जोडायला बसलो. साहेबांनी सांगितलं होतं, चार मिनिटांच्या वर नको, पाहुणे कंटाळतात. फिल्म लांबत होती. मी पाहत गेलो आणि मला ते हातवारे दिसले. बारा सेकंद. मला वाटलं, नाटकातला माणूस, म्हातारपणी सवय उसळली आहे, उगाच ताणतोय. शिवाय पुढची पाटी होती ‘बिना इशारे के आगे बढ़ा’, आणि हा तर इशारे करतोय. विसंगत दिसलं असतं. मी ते बारा सेकंद कापले. सांधा इतका बेमालूम जुळला की मी खूश झालो. घरी जाताना स्टेशनजवळ थांबून जिलेबी घेतली, हेही मला आठवतं.

सप्ताहाच्या दिवशी मोठा मांडव होता. दुलारीला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. खांद्यावर शाल घातली होती. मागे सगळे खलासी. भाऊ नेहमीप्रमाणे कडेला उभे राहून बघणाऱ्यांकडे पाहत होते, आणि त्या दिवशी ते फक्त दुलारीकडे पाहत होते. फिल्म सुरू झाली. समारूच्या हेल्मेटमधले भाऊ गठ्ठ्यापाशी आले, पाटी आली, दोन पावलं पुढे झाले, पडले. ‘कामगार की लापरवाही’. टाळ्या झाल्या. भाऊंनी चमकून पडद्याकडे पाहिलं, पण तिथे आता पांढरा उजेड होता. दुलारी उठली, शाल खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्या समोरून निघून गेली.

त्या संध्याकाळी ते ऑफिसात आले. मी एकटाच होतो.

“बाबू, ते कुठं गेलं?”

“काय?”

“हात.”

मी सांगितलं, लांबत होतं म्हणून कापलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, ओठ वाचत असावेत. मग माझ्या टेबलासमोर उभे राहून ती प्रत्येक खूण पुन्हा केली आणि प्रत्येकीचा अर्थ मोठ्यानं, लहान पोराला शिकवावं तसा सांगितला. बोटाभोवती बोट, झटका. “दोर खराब.” आडवा तळहात, दोनदा. “थांब. थांब.” कॉलरला बोटं, मग गोल. “साहेब म्हणते, उचल.”



“कागदावरचं तुमी बदलवलं,” ते म्हणाले, “बोललो ते तुमी ऐकलं नाही. मंग मी इचार केला, इतं दर नवा माणूस हे पिक्चर पाहते. खलासी पाहन, तो समजन. साहेबाले समजत नाही, बाबूले समजत नाही, म्हणून कोनी हात लावणार नाही. तू कापशीन असं मले वाटलं नव्हतं.” मग म्हणाले, “दुलारीले मी सांगितलं, मी हातानं सारं सांगितलं हाय म्हणून. तिनं म्हटलं, मी दोनी डोळ्यानं पाह्यलं, काईच नव्हतं. आता मालूम झालं ना तुले? आता जोड.”

मी म्हणालो, जोडतो.

ते बारा सेकंद कॉम्प्युटरवर होते. मी पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतले. जोडायला दहा मिनिटं पुरली असती. पण त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, फिल्मच्या सफाईबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि माझा कायम होण्याचा कागद वर गेल्याचं सांगितलं. मी स्वतःला म्हटलं, कागद येऊ दे. कागद आला. मग म्हटलं, साहेबांची बदली होऊ दे. बदली झाली. मग मुलीचं लग्न. भ्यालेल्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत, आणि मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

भाऊंनी पुन्हा तोंडानं विचारलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ऑफिसच्या दारात उभे राहत आणि दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवत. जोडलं का? एवढी खूण मी शिकलो. मी हातानंच ‘थोडं थांबा’ म्हणे. ते मान हलवून जात. फिल्ममध्ये मरायला त्यांनी कायमचा नकार दिला. मग एक नकला करणारा आणला. तो शॉक लागून चार हात उडायचा आणि नवी माणसं पोट धरून हसायची. त्यांच्या मागे फिरणारं आता कोणी नव्हतं. समारूची फिल्म मात्र चालूच राहिली. दर नव्या माणसाला समारूचं नाव, आणि त्याखाली माझ्या वळणदार अक्षरातली लापरवाही.

रिटायर झाल्यावर ते गल्लीतल्या ओट्यावर बसून असत. मी दोनदा गेलो. समोर दुलारीचं दार बंद. वहिनी म्हणाल्या, नळावरसुद्धा बोलत नाही. भाऊंचे हात मांडीवर पडलेले असत. ज्याच्याशी बोलायचं तो गेला आणि जी समजू शकली असती तिनं पाठ फिरवली. दुसऱ्या खेपेला मी निघताना त्यांनी बोटं अडकवली नाहीत. नुसते माझ्या डोक्यावर, वर पत्र्याकडे बघत राहिले, आणि मला हातानं जरा बाजूला सरकवलं.

पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. उपाशी नाही, पेज पिऊन गेले, असं वहिनींनी मुद्दाम सांगितलं. अंत्ययात्रेला जुने खलासी होते. तिरडी उचलली तेव्हा समोरचं दार उघडलं नाही.

मीही तोवर रिटायर झालो होतो. आता माझं कोणी काही बिघडवू शकत नव्हतं. हे धैर्य नव्हे, हे मला कळतं. मुलीकडून पेन ड्राइव्हमधले ते बारा सेकंद फोनमध्ये घालून घेतले आणि तेराव्यानंतर दुलारीकडे गेलो. ती दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तो बाबू हे तिनं ओळखलं, पण बस म्हणाली नाही. मी फोन तिच्यासमोर धरला.

तिनं सूप खाली ठेवलं. फोन डोळ्यांशी नेला. आवाज नव्हताच. ती शाळेतल्या मुलीसारखी एकेक खूण वाचत गेली.

“रस्सी खराब हे,” ती म्हणाली. मग, “रोक। रोक।” शेवटी, “साहब कहत हे, उठा।”

चित्र संपलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्यांदा लावलं. समारूच्या हेल्मेटवर तिनं अंगठा ठेवला, त्यामुळे चित्र थांबलं, आणि भाऊ तळहात आडवा धरून तसेच उभे राहिले.

“एला कब ले धरे हस बाबू?”

कधीपासून बाळगून आहेस, एवढंच तिनं विचारलं. खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं, नऊ वर्षं.

तिनं फोन परत दिला. गल्लीपलीकडे भाऊंचा ओटा रिकामा होता. वहिनींनी सकाळीच धुतला होता, कडेला पाणी साचलेलं होतं.

“नौ बछर,” ती म्हणाली, “मैं ओला पानी बर नइ पूछेंव।” नऊ वर्षं भाऊंना तिनं साधं पाणी विचारलं नव्हतं.

मग तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मलाही तिनं पाणी विचारलं नाही.